आप्पांचे टाके

बंदरातल्या तपासणीच्या काउंटरवरच्या बाईने पासपोर्ट उघडला नाही. मिटलेलाच हातात धरून तिने त्याच्या कण्यावरून अंगठा वर नेला, खाली आणला आणि एका जागी नख टेकवून ती थांबली.

"हे कोणी शिवलं?"

ठकूच्या आईला वाटलं, कौतुकच चाललंय. ती हसून म्हणाली, "सासऱ्यांनी. बांधणीचं काम करतात ते. जुनी पुस्तकं नवी करून देतात."

बाई हसली नाही. तिने पासपोर्ट उघडला, फोटोचं पान दिव्याखाली तिरकं धरलं, मग मधल्या पानांवर आली, जिथे मेण लावलेल्या दोऱ्याचे टाके एकासारखे एक बसले होते. तिने शेजारच्या खिडकीतल्या माणसाला हाक मारली. त्यानेही अंगठा फिरवला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

ठकूच्या आईने मागे वळून पाहिलं. दोरीच्या पलीकडे बाकावर तिच्याबरोबर निघालेले सासरे, आप्पा, बसले होते. मांडीवर ठकू. ठकू त्यांची टोपी काढत होती, ते घालत होते, ती परत काढत होती. त्यांच्या मागच्या मोठ्या काचेतून जहाज दिसत होतं; दिसत होतं म्हणजे काच संपेपर्यंत नुसती पांढरी भिंत आणि तिला गोल खिडक्या.

महिन्याभरापूर्वी जहाज कंपनीचे नियम आले, तेव्हा तिने ते जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचून दाखवले होते. परदेशी प्रवाशांसाठी वेगळं पान होतं, आणि त्या घरात परदेशी अशी ती एकटीच. लग्न होऊन आली तरी पासपोर्ट अजून तिकडचाच. 'परदेशी प्रवाशांनी' असं ती वाचायला लागली, की नवरा म्हणायचा, "परदेशी, जरा मीठ सरकवा." आप्पा त्याला दटावायचे आणि स्वतःच हसायचे. परदेशी प्रवाशांनी परत देशात शिरण्याचा व्हिसा आधीच घ्यावा. घेतला. पासपोर्टची मुदत प्रवासानंतरही उरलेली असावी. होती. मूल आई किंवा बाप एकाबरोबरच जात असेल, तर दुसऱ्याचं संमतिपत्र जोडावं. नवऱ्याने ते झोकदार सहीनिशी लिहून दिलं होतं. पासपोर्ट फाटका, सुटा किंवा खराब असल्यास स्वीकारला जाणार नाही.

इथे मात्र तिचा घास हातातच राहिला होता. दात येत होते तेव्हा ठकूने तो पासपोर्ट चावून, ओढून, त्याचं कव्हर पार लोंबकळवून ठेवलं होतं. आतली पानं एका धाग्याच्या भरवशावर होती.

 दुसऱ्या दिवशी दुपारी आप्पांनी तो कपाटातून काढून दुकानात नेला. संध्याकाळी, जरा लाजतच, तिच्या हातावर ठेवला. "आता कोण फाटका म्हणतो बघू!"

प्रत्येक नियम कंपनीला तीनतीनदा फोन करून विचारणाऱ्या तिने एवढं मात्र कुणालाच विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? त्या घरात फाटलेलं शिवत, निखळलेलं चिकटवत, आणि पुन्हा वापरायला घेत. चादरीपासून नात्यांपर्यंत सगळ्यांचा हाच कायदा होता.

"ताई," काउंटरवरची बाई आता हळू आवाजात बोलत होती, "मला हा घेता येणार नाही."

"का? फाटका कुठेय तो?"

"फाटका असता तर एक वेळ साहेबांना विचारलं असतं. हा उसवून परत शिवलाय. आतलं पान कुणी काढलं, बदललं, नवं घातलं, मी कसं सांगू?"

"पानांवर नंबर आहेत. मोजा."

"मी मोजीन हो. पण मोजून भागत नाही."

"मग ज्यांचं मोजून भागतं त्यांना बोलवा."

हे जरा ठसक्यात गेलं. रांगेतल्या एका गृहस्थाने घसा खाकरला. ठकूची आई हलली नाही. काउंटरच्या कडेला तिने दोन्ही हात असे टेकवले होते, की तिला हलवायचं तर काउंटरसकट हलवावं लागलं असतं.

साहेब आले. वयस्कर, चष्मा कपाळावर चढवलेला, चालण्यात घाई नाही. त्यांनी पासपोर्ट बाजूच्या टेबलावर नेला, भिंगाखाली धरला, पानं मोजली, पुन्हा मोजली. ती शेजारी उभी. बोलायचं नाही असं ठरवलं होतं, पण राहवलं नाही.

"साहेब, आमच्या बेटावर विमान उतरत नाही. पूर्वी बोट होती, ती बंद झाली. आता हंगामात हे जहाज दिवसभर थांबतं, तेवढंच. ही या हंगामातली शेवटची खेप."

"घरी कोण आहे तिकडे?"

"आई. तिला इकडचा व्हिसा दोनदा नाकारला. नातीला अजून पाहिलेलं नाही तिने. आणि डोळे चाललेत तिचे. कडेने काळोख आत येतोय म्हणते. मधलं तेवढं दिसतं अजून. पुढच्या हंगामाचं डॉक्टर काही बोलत नाहीत."

साहेबांनी भिंग खाली ठेवलं. टाक्यांवरून त्यांनीही एकदा बोट फिरवलं, पण काउंटरच्या बाईसारखं नाही. एखादं कापड विकत घ्यायचं नसलं तरी हात लावून बघावं, तसं.

"काम सुरेख आहे," ते म्हणाले. "म्हणूनच पंचाईत आहे. इतकं सफाईने काम कुणी करतं, तेव्हा आम्हाला त्याचं कारण शोधावं लागतं."

"कारण बाहेर बसलंय. टोपी घालून."

साहेब हसले. पण पासपोर्ट मिटून त्यांनी तिच्यापुढे ठेवला तो ठेवलाच.

"हे बघा, तुमचं बेट तुमच्या देशाचं. तिकडे तुम्हाला उतरवून घेतीलही. पण परत येताना मी, किंवा माझ्या जागी जो कुणी असेल तो, तुम्हाला आत घेणार नाही. मग मूल इकडे आणि आई तिकडे, नवा पासपोर्ट मिळेपर्यंत. मला हे माहीत असून तुम्हाला चढू दिलं, तर मी माणूस म्हणून चुकलो आणि नोकर म्हणूनही."

तिने मान हलवली. त्यांचं पटलं म्हणून नाही. इथे दार नाही, भिंत आहे, एवढं नक्की कळलं म्हणून. भिंतीवर डोकं आपटण्यात वेळ घालवायचा तिचा स्वभाव नव्हता. ती काउंटरकडे परतली, ठकूचा पासपोर्ट आणि आप्पांचा पासपोर्ट बाहेर काढून शेजारी शेजारी मांडले.

"हे दोन बघा. यांना काय लागतं?"

बाईने दोन्ही उघडले. दोघंही इथलेच नागरिक, दोन्ही पासपोर्ट कोरे करकरीत. "यांना काही नाही. हे ठीक आहेत."

"मग आजोबा नातीला घेऊन जातील."

बाईने वर पाहिलं. बहुधा तिलाही कुठेतरी लहान मूल असावं. "केवढी आहे ती?"

"दोन पूर्ण. अंगावर पीत नाही. जेवते, बोलते, भांडते."

"आईबाप दोघंही नसतील, तर संमतिपत्रावर दोघांच्या सह्या लागतील. इथे, माझ्यासमोर. वडील कुठेत?"

"गाडीजवळ. तो आत्ता येईल," ती म्हणाली आणि फोन लावला.

नवरा धावत आला तो धापा टाकतच. "झालं काय? अगं, पासपोर्ट तर बाबांनी इतका—"

तिने त्याच्या पायावर पाय दिला. टाच वापरून. मग त्याला खांबाआड नेऊन चार वाक्यांत सगळं सांगितलं. तो खाली बघत राहिला.

"बाबांना कळलं तर संपलंच," तो म्हणाला. "परत दाभण हातात धरायचे नाहीत ते."

"म्हणूनच कळणार नाहीये. व्हिसाची भानगड झाली. तारीख चुकीची पडली, चूक ऑफिसची. हेच सांगायचं, तूही आणि मीही. तुझ्या पासपोर्टचं काय?"

"संपलाय कधीचा. मी कुठे जातोय! आणि आयत्या वेळी तिकिटावर नाव बदलून देतील का?"

"नाही देणार. विचारून झालं. सही कर चल."

"तू राहशील तिच्याशिवाय?"

हे त्याने विचारायला नको होतं. क्षणभर तिने खांबावरची जाहिरात अक्षर न अक्षर वाचल्यासारखी बघितली. मग म्हणाली, "ती राहील का ते विचार. मी मोठी आहे."

आप्पांच्या पुढ्यात ती उकिडवी बसली. ठकूने लगेच टोपी आईच्या डोक्यावर घातली.

"आप्पा, व्हिसाची भानगड झालीय."

"कसली?"

"परत यायचा शिक्का आहे ना, त्याच्यावर तारीख चुकीची पडलीय. ऑफिसातल्यांनी घोळ घातलाय. मला आज सोडत नाहीत."

आप्पांनी काउंटरकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "माझं पुस्तक नीट आहे ना पण?" पासपोर्टला ते पुस्तकच म्हणत.

"एकदम नीट. साहेब म्हणाले, काम सुरेख आहे."

हे खरं होतं, त्यामुळे ते तिला आप्पांच्या डोळ्यांत बघून म्हणता आलं.  आप्पा उजव्या हाताचा अंगठा पहिल्या बोटावर घासत राहिले. बांधणीची खळ वाळून बोटाला चिकटली की घासतात तसा.

"मग चला घरी," ते म्हणाले. "माझंही काही अडलेलं नाही."

"घरी मी जाते. तुम्ही जायचंय. ठकूला घेऊन."

"मी? एकटा? अगं पोरी, तळ्यातल्या होडीत बसलो होतो तर सगळ्या होडीचं जेवण बाहेर काढलं होतं मी!"

"गोळ्या दिल्यात. निळ्या डबीत. चढल्या चढल्या एक घ्या."

"आणि ही रात्री उठली म्हणजे?"

"पाणी द्यायचं आणि पाठीवर हात ठेवायचा. थोपटायचं नाही, नुसता ठेवायचा. थोपटलं की तिला खेळ वाटतो. कठड्याजवळ उभं राहायचं नाही, कितीही रडली तरी. गोष्ट सांगितलीत तर तीच परत सांगावी लागेल, शब्द बदललात तर ओरडेल. म्हणून छोटी निवडा."

"विहीणबाईंना काय सांगू? तुमची मुलगी कुठेय विचारलं तर?"

विहीणबाईंना आप्पा कधी भेटले नव्हते. लग्न इथे झालं, तिकडून कुणाला येता आलं नव्हतं. या प्रवासासाठी त्यांनी नवा सदरा शिवून घेतला होता. विहीणबाईंपुढे जुन्यात कसं उभं राहायचं, म्हणून.

"सांगा, ती येतेय मागून," ठकूची आई म्हणाली. "आणि आप्पा, ऐका. ठकूला तिच्या अगदी समोर बसवा. बाजूला नाही. उजेड ठकूच्या तोंडावर येईल असं बसवा. आई नाही म्हणेल, पाहुण्यांना त्रास नको म्हणेल. ऐकू नका तिचं. उन्हात खुर्ची न्यायला लावा."

 आप्पांनी सुनेच्या डोक्यावरची टोपी काढून आपल्या डोक्यावर नीट, दोन्ही हातांनी बसवली आणि ते उठले.

"चला ठकूबाई," ते म्हणाले. "आपल्याला काम लागलंय."

सह्या झाल्या. बाईने शिक्का मारला तो नेहमीपेक्षा हलक्या हाताने मारला असावा; त्याचा आवाजही आला नाही. ठकूच्या आईने पिशवीतलं सामान पुन्हा लावलं, लागेल ते वर, लागणार नाही ते खाली. मग ठकूला कडेवर घेतलं आणि दोरी संपते तिथपर्यंत नेलं. रडली असती तर धीर कसा द्यायचा, हे ठकूच्या आईला येत होतं. पण ठकूने दूरच्या पांढऱ्या भिंतीकडे बोट केलं, "मोठ्ठी बस!" म्हणाली आणि आजोबांच्या हातात उडी घेतली. आईच्या दोन्ही हातांना आता काही काम उरलं नाही.

आप्पा दोन पावलं गेले आणि थांबले. वळले. 

"नीट जा घरी," एवढंच म्हणाले.

ती दोघं दिसेनाशी झाली तरी ती तिथेच उभी होती. मागच्या माणसाला वाटलं, ती रांगेत आहे. तो तिच्या मागे उभा राहिला, आणि त्याच्या मागे आणखी कुणीतरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आपल्या वकिलातीत जाऊन नव्या पासपोर्टचा अर्ज दिला. खिडकीतल्या मुलीने विचारलं, "जुन्याला काय झालं?" तर ती म्हणाली, "घरात लहान मूल आहे." मुलगी समजूतदारपणे हसली. घरी येऊन तिने ठकूचे सगळे कपडे धुतले, स्वच्छ होते तेही. जहाजावरून आप्पांचा एकदा फोन आला. आवाज तुटत होता. एकाला उलटी झाली होती, पण ती आप्पांना नाही, ठकूला नाही, शेजारच्या खोलीतल्या एका पहिलवानाला, एवढं कळलं आणि फोन गेला.

बेटावर जहाज लागायच्या दिवशी ती कामावर गेलीच नाही. स्वयंपाकघरात ओट्याशी टेकून फोनकडे बघत उभी होती. नवरा दोनदा चहा करून गेला. दोन्ही कप तसेच.

फोन आला तो दुपार कलताना.

"आई? पोचले का गं? भेटले का?"

"भेटले. केव्हाचे." आईचा आवाज नेहमीपेक्षा सावकाश होता. "तुझे सासरे भारी हट्टी गं. मला खुर्चीसकट अंगणात नेलं. म्हणाले, माझ्या सुनेचा हुकूम आहे, तुम्ही मधे पडू नका."

"आणि ठकू? आई, दिसली का तुला?"



"तिच्या डाव्या भुवईत तीळ आहे," आई म्हणाली. "अगदी बारीक. केसांत लपलाय. तू कधी बोलली नाहीस."

ठकूच्या आईने ओट्याची कड धरली. तो तीळ आंघोळ घालताना, भुवई ओली झाली, तरच दिसायचा. फोटोत कधीच आला नव्हता. 

"आता खाली कोंबड्यांच्या मागे पळतेय," आई म्हणाली. मग आवाज आणखी खाली आणून, "एक विचारू? तू का नाही आलीस?"

"सांगितलं नाही का आप्पांनी? व्हिसाची भानगड झाली. तारीख—"

"त्यांनी वेगळंच सांगितलं. म्हणाले, पासपोर्ट माझ्या हातून बिघडला. त्या काउंटरच्या बाईने पुस्तकाच्या पाठीवरून अंगठा फिरवला, तेव्हाच म्हणे कळलं. जेवलेसुद्धा नाहीत नीट."

खिडकीबाहेर दोरीवर ठकूचे कपडे वाळत होते. ती त्यांच्याकडे बघत म्हणाली, "छे गं आई! त्यांचा काही संबंध नाही. व्हिसाचीच भानगड होती."

"असंच म्हणशील, हेही ते म्हणाले." आईच्या आवाजात आता बारीकसं हसू होतं. "म्हणून मी त्यांना म्हटलं, थांबा, माझ्या मुलीच्या तोंडून ऐकू या. ते इथेच बसलेत, माझ्या शेजारी. फोनचा आवाज मोठा केलाय मी. हं, नीट सांग बघू. पहिल्यापासून. काय काय झालं त्या व्हिसाचं?"

फोनमध्ये खुर्ची करकरली. 

ठकूच्या आईने स्टूल ओढलं, त्यावर ऐसपैस बसली आणि पदराने घाम पुसला.

"अगं काय सांगू," तिने सुरुवात केली, "त्या ऑफिसात एक कारकून आहे. आधीच वेंधळा, त्यातून त्या दिवशी त्याचा चष्मा घरी राहिलेला..."